पुढील तपासणीपर्यंत

खोकं आलं मंगळवारी,
विमान पडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी.
कुरिअरवाला नेहमीचाच, ओझर फाट्यावरचा.
सही करा म्हणाला.
केली. आलेल्या मालाला सही करणं
हेच माझं काम, एकवीस वर्षं.
वजन एकशे ऐंशी ग्रॅम.
आत खीळ, मालकप्प्याच्या दाराच्या कडीची,
वीतभरसुद्धा नाही,
तेलकट कागदात गुंडाळलेली, अगदी नवी.

दौलत खैरनारने पहिल्यांदा लिहिलं तेव्हा
द्राक्षांच्या घडांना अजून कागद बांधायचे होते.
'मागच्या दाराची कडी पुरती बसत नाही. खीळ झिजली.'
त्याचं अक्षर टपोरं, झेडपीच्या शाळेतलं,
इंग्रजीसुद्धा रेघेला टांगून लिहिणारं.
खाली साहेबांचा शेरा:
पुढील तपासणीपर्यंत चालेल.
दुसऱ्यांदा लिहिलं. चालेल.
तिसऱ्यांदा घरून लाल पेन आणलं त्याने,
तर विचारणा झाली,
लाल पेन वापरायची परवानगी कुणी दिली?

माझा रकाना वेगळा.
'भाग शिल्लक नाही. मागणी पाठवली.'
खोटं काही नव्हतं त्यात.
मागणी गेली, परत आली:
किंमत जास्त वाटते, तीन ठिकाणचे दर मागवा.
मागवले.
तीन दर येईतो ते दार
चारशे बारा वेळा उघडलं आणि लागलं.
दर वेळी दौलत खांदा देऊन बसवायचा,
मग तळवा तसाच ठेवायचा त्यावर,
पोराचा ताप बघावा तसा.

रविवारी सहा चाळीसला उडालं.
धोडपच्या डोंगराला जी खाच आहे,
लांबूनही दिसते ती,
तिच्या अलीकडेच कुठेतरी
दार गेलं.
मग जमीन गेली पायांखालची, खरोखरची,
आणि तिच्याखालून जाणाऱ्या तारा.
हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी
पंचवटीत भाजी घेत होतो,
गवारीचा भाव जास्त वाटला म्हणून
पुढच्या गाडीवर विचारत होतो.

चौकशीवाले आले.
दौलतचं रजिस्टर पारदर्शक पिशवीत घातलं,
पिशवीला नंबर दिला.
तुम्हाला कल्पना होती का?
माझा रकाना वेगळा, मी म्हणालो.
त्यांनी तेही लिहून घेतलं.

दहाव्या दिवशी दौलत रामकुंडावर गेला.
त्याचं कुणी नव्हतं त्यात.
मी मागोमाग गेलो, का ते विचारू नका.
भगूरचे बोऱ्हाडे बसले होते, मुंडण केलेले,
त्यांची शलाका हवाई सुंदरी होती,
नोकरीचा पाचवा महिना.
उपाध्यायांनी लांबट चोपडी उघडली,
सात पिढ्यांची शाई, कुठे फिकी, कुठे गडद,
पण एकही ओळ कुणी पुढे ढकललेली नाही.
शलाका, त्यांनी लिहिलं.
बोऱ्हाडे म्हणाले, कसं झालं तेही लिहा.
कारण लिहीत नाही आम्ही, उपाध्याय म्हणाले,
आम्ही फक्त नाव लिहितो.
दौलत पायरीवर उभा होता.
त्याच्या वहीत कारण होतं, तीनदा.
नाव एकही नव्हतं.

काल रात्रपाळीला तो खिडकीशी आला.
त्याच जातीचं दुसरं विमान
हँगरमध्ये उभं आहे, पहाटे निघायचं.
मागणीचा कागद नव्हता त्याच्या हातात.
हातच होता, उघडा.
नियम असा की साहेबांच्या सहीशिवाय
साधा वॉशरही बाहेर जात नाही.
साहेब रजेवर आहेत.
मी खोकं फोडलं.
तेलकट कागद काढला,
खीळ त्याच्या तळव्यावर ठेवली.
किती जड आहे, तो म्हणाला.

सकाळी साठा तपासायला माणूस आला.
मी रिकामं खोकं नीट बंद करून
फळीवर ठेवलेलं होतं.
त्याने बाहेरून मोजलं, टिक केली.
रजिस्टरात अजूनही
शिल्लक एक.